विंचू उतरला, पण कशामुळे?

विंचू उतरवणाऱ्या माणसाला गावात मान असतो, आणि तो काही उगाच मिळालेला नसतो. रात्री-अपरात्री कोणीतरी ठणकता पाय घेऊन त्याच्या ओट्यावर येतं. तो पाला चोळतो, पाणी मंतरून देतो, काहीबाही पुटपुटतो, आणि पहाटेपर्यंत ठणका खरोखरच उतरतो. आलेल्यांपैकी बहुतेक जण बरे होऊन आपल्या पायांनी घरी जातात. त्याचा अनुभव खरा, बरं वाटलेल्यांची साक्षही खरी. चुकतो तो फक्त निष्कर्ष.

कारण बहुतेक विंचूदंश वेदनेवरच थांबतात. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण तिच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही. ठणका काही तासांत, फार तर दिवसाभरात आपला आपण ओसरतो, मंत्र म्हटला तरी आणि नाही म्हटला तरी. मोजके दंश जिवावर बेततात, आणि तिथे 'उशिरा आणलंत' हे उत्तर तयारच असतं. म्हणजे वाचला तर मंत्राने आणि गेला तर नशिबाने. या हिशोबात मंत्र कधी हरूच शकत नाही.

यात शहरी माणसाने हसण्यासारखं फारसं काही नाही. इंजेक्शन दिलं, पेशंट बरा झाला, म्हणजे इंजेक्शननेच बरा झाला, हा हिशोब तंतोतंत तसाच आहे आणि शिकलेसवरलेले डॉक्टरही तो करत आले आहेत. 'क्लिनिकल रिसर्च' या भारदस्त नावाखाली जी खटपट चालते, तिचा मोठा भाग या एका फसगतीतून सुटण्यासाठी असतो. ती खटपट कशी चालते हे पाहायला दूर कुठे जायला नको. महाडला जाऊ. तिथे लाल विंचवावर झालेलं काम जगभरच्या डॉक्टरांनी वाचलं आहे.

लाल विंचू जेमतेम दोन-तीन इंचांचा. शास्त्रीय नाव मेसोब्यूथस टॅम्युलस. अलीकडे त्याला हॉटेनटोटा टॅम्युलस म्हणतात. कोकणातल्या जांभ्या मातीत, दगडांच्या फटीत, पेंढ्यात, लाकूडफाट्यात तो राहतो. इंगळीपेक्षा लहान आणि तिच्यापेक्षा कितीतरी घातक.

1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, नागपूरला एमबीबीएस झालेले. विंचू चावलेली माणसं, त्यातही लहान मुलं, त्यांच्यासमोर मरत होती, आणि पाठ्यपुस्तकात त्याबद्दल उपयोगी पडावं असं फारसं काही नव्हतं. तेव्हा त्यांनी पेशंटच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवायला सुरुवात केली: नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा स्पर्श, आणि हे सगळं कोणत्या क्रमाने बदलतं.

नोंदींतून एक आकृती दिसू लागली. काही पेशंट नुसते वेदनेने तळमळत; ते बरे होत. काहींना मात्र उलट्या सुरू होत, अंगाला दरदरून घाम फुटे, तोंडात लाळ साठे, हातपाय गार पडत, मुलग्यांच्या आणि पुरुषांच्या लिंगाला ताठरता येई. धोका होता तो यांना. नाडी धावू लागे, रक्तदाब चढे, मग धाप लागे, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येई आणि पेशंट हातचा जाई. म्हणजे मृत्यू फुप्फुसांत पाणी भरून होत होता आणि त्याची सुरुवात हृदयापासून होत होती. हृदय आणि रक्ताभिसरणावरच्या परिणामांची ही पूर्वसूचना देणारी लक्षणं बावस्करांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडली.

मला या सगळ्या गोष्टीतला हा टप्पा सर्वात मोलाचा वाटतो, आणि तोच सर्वात कमी सांगितला जातो. यात कुठलंही यंत्र नाही. हाताचा स्पर्श, घड्याळ, रक्तदाब मोजायचं साधन आणि एक वही. पण या वहीमुळे 'विंचू चावला' या एका नावाखाली गोळा झालेले वेगवेगळे पेशंट पहिल्यांदा वेगळे झाले. पुढे त्याच्या चार पायऱ्या ठरल्या. पहिली पायरी नुसत्या वेदनेची. दुसरी घाम, लाळ, उलट्या, गार हातपाय यांची. तिसरीत फुप्फुसांत पाणी. चौथीत रक्तदाब कोसळलेला, आणि चकवा असा की या पायरीवर हातपाय पुन्हा उबदार लागू शकतात. नातेवाइकांना वाटावं, उतार पडला. पायऱ्या ठरल्याशिवाय पुढचं कुठलंच संशोधन झालं नसतं, कारण पहिल्या पायरीच्या पेशंटवर कुठलंही औषध गुणकारीच ठरतं. मांत्रिकाचं यश सगळं या पहिल्या पायरीवरचं.

आता विष शरीरात नेमकं करतं काय, ते पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना सोडियम चॅनल म्हणतात. संदेश जायचा असेल तेव्हा ती उघडतात, सोडियम आत येतं, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशोबात पुन्हा बंद होतात. विंचवाच्या विषातली लहान-लहान प्रथिनं या चॅनलना वेळेवर बंद होऊ देत नाहीत. तंतू एकदा पेटला की पेटलेलाच राहतो. आपल्या इच्छेवाचून चालणारी कामं, म्हणजे घाम, लाळ, आतड्यांची हालचाल, हृदयाची गती, ज्या मज्जासंस्थेकडे आहेत, तिच्यात वादळ उठतं. आधी उलट्या, लाळ आणि घाम. मग ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन ही, एरवी घाबरल्यावर शरीरात सुटणारी, संप्रेरकं रक्तात लोटतात आणि अंगभरच्या लहान रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणूनच हातपाय गार. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं की मागे मोटरवर ताण येतो, तसा इथे हृदयावर येतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याला पुढे रक्त लोटता येईनासं झालं की ते मागे फुप्फुसांत तुंबतं आणि त्यातलं पाणी श्वासाच्या जागेत झिरपतं.

याच विंचवाच्या विषातून 1990 मध्ये आयबेरिओटॉक्सिन नावाचा एक रेणू वेगळा काढण्यात आला. 37 अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी सोडियमच्या नव्हे, तर पोटॅशियमच्या एका विशिष्ट प्रकारच्या चॅनलला नेमकी जाऊन बसते आणि त्याला बंद करते. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैलावतात कसे, हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा जगभर ती वापरतात. जांभ्या दगडाखालच्या प्राण्याचं विष परदेशातल्या संशोधकाच्या टेबलावर असं कामी येतं. गंमत आहे खरी. पण बिरवाडीच्या खाटेवरच्या मुलाला काय द्यायचं, याचं उत्तर त्या रेणूत नव्हतं.

आणि इथे एक अवघड गोष्ट समजून घ्यायला हवी. विषाची क्रिया कळली म्हणजे उपचार कळला, असं होत नाही. घाम आणि लाळ थांबवायला ॲट्रोपीन हे औषध आहे; तेव्हा विंचूदंशात ॲट्रोपीन देणं कागदावर अगदी तर्कशुद्ध. प्रत्यक्षात ॲट्रोपीन हृदयाचा ब्रेकच काढून घेतं. आधीच धावणारी नाडी आणखी धावते. नाडी धावते म्हणून ती मंद करणारं बीटा-ब्लॉकर द्यावं, तर आवळलेल्या रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोर कमी होतो. ॲलर्जी समजून स्टेरॉइड द्यावं, तर मुळात ही ॲलर्जीच नाही. हे सगळे उपचार होऊन गेले आहेत, चांगल्या हेतूने आणि चांगल्या डॉक्टरांच्या हातून.

आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणं, हा मार्ग बावस्करांनी धरला. सुरुवातीला सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं गेलं. ते प्रभावी, पण सलाइनमधून थेंब मोजून द्यावं लागतं, बाटली उजेडापासून झाकावी लागते, आणि रक्तदाबावरची नजर क्षणभरही हलवता येत नाही. ज्या दवाखान्यात रात्री वीज जाते तिथे हे कसं जमायचं? मग प्राझोसिन आलं. ब्लडप्रेशरची ही गोळी तेव्हा बाजारात होतीच. रक्तवाहिन्यांवरच्या ज्या अल्फा-1 नावाच्या जागी नॉरॲड्रिनलिन जाऊन बसतं आणि त्यांना आवळतं, नेमकी तीच जागा ही गोळी अडवते. तोंडाने घेता येते, स्वस्त आहे, खेड्यातल्या डॉक्टरच्या बॅगेत राहू शकते. गोळी लागू पडली की नाही, हे हात लावून कळतं: गार पडलेली बोटं उबदार होऊ लागतात. 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच याची माहिती प्रसिद्ध झाली.

पुढचे आकडे बहुतेकांनी ऐकलेले असतात. प्राझोसिनच्या आधी, अंगभर परिणाम झालेल्या पेशंटांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. नंतर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली तेव्हा हेच आकडे वर्तमानपत्रांत झळकले.

पण एवढ्याने सिद्ध झालं का?

तिरकस वाटेल, तरी प्रश्न विचारायलाच हवा, नाहीतर आपण मांत्रिकाच्या ओट्यावरच बसलेले आहोत. 'पूर्वी' आणि 'आता' यांची तुलना केली की त्या दोन काळांत बदललेल्या सगळ्याच गोष्टी औषधाच्या खात्यावर जमा होतात. या वर्षांत रस्ते झाले, रिक्षा आल्या, पेशंट लवकर पोहोचू लागले. विंचवावर उपाय आहे असं कळल्यावर हलक्या दंशाचे लोकही दवाखान्यात येऊ लागले असणार, आणि असे लोक वाढले की मृत्यूचं प्रमाण आपोआप खाली दिसतं. ॲट्रोपीनसारखे उपचार बंद झाले, त्याचाही फायदा झालाच असेल. यातला प्राझोसिनचा वाटा किती आणि बाकीच्यांचा किती, हे अशा तुलनेतून सांगता येत नाही.

माझं मत विचाराल तर प्राझोसिनचा वाटा मोठा आहे. घट फार मोठी आहे, ती औषधाच्या क्रियेशी जुळते, आणि समोर हातपाय उबदार होताना दिसतात. पण खात्रीचा राजमार्ग एकच: एकाच काळात, एकाच ठिकाणी, सारख्याच पेशंटांचे दोन गट करायचे आणि कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. डॉक्टरवर अविश्वास म्हणून नव्हे. डॉक्टर माणूस असतो. जास्त अत्यवस्थ मुलाला तो नकळत नवं औषध देईल, किंवा नकळत देणार नाही, आणि दोन्हीकडून तुलना बिघडेल. चिठ्ठीला दया-माया नसते, हाच तिचा गुण.

प्राझोसिनविरुद्ध 'काहीच नाही' अशी चाचणी करायची, तर जे औषध वाचवतंय असं दिसतं तेच निम्म्या मुलांना नाकारावं लागलं असतं. ते कोण करणार? त्यामुळे पुढचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला गेला: प्राझोसिन तर सगळ्यांनाच देऊ, त्याच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर आणखी फायदा होतो का? प्रतिविष म्हणजे, घोड्यांना विषाची थोडी-थोडी मात्रा टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली विषविरोधी प्रथिनं. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते तयार होतं.

ही चाचणी महाडला झाली. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ती केली, आणि 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने ती छापली. 70 पेशंट, सगळे दुसऱ्या पायरीचे; म्हणजे वादळ सुरू झालेलं, पण फुप्फुसांत पाणी अजून नाही. 35 जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष, 35 जणांना नुसतं प्राझोसिन. दहा तासांनी पाहायचं की घाम, लाळ, गार हातपाय, नाडी आणि रक्तदाब हे सगळं मूळपदावर आलं का. पहिल्या गटात 35 पैकी 32 जण आले, दुसऱ्यात 8. पूर्ण बरं व्हायला पहिल्या गटाला सरासरी 8 तास लागले, दुसऱ्याला 17.7.

आकडे पाहून प्रतिविषाचा जयजयकार करायचा मोह होतो. थोडं थांबावं. चाचणीत मोजलं गेलं ते 'लवकर बरं होणं'. 'मरणापासून वाचणं' मोजलेलंच नाही, आणि ते मोजता येणारही नव्हतं: मृत्यूचं प्रमाण 1 टक्का असेल तर 35 जणांच्या गटात एक मृत्यूसुद्धा अपेक्षित नाही, मग फरक दिसणार कसा? तो दाखवायला हजारो पेशंट लागतील. दुसरं असं की कोणाला काय दिलं आहे हे डॉक्टरांना आणि पेशंटांना माहीत होतं. झाकून ठेवलेलं नव्हतं. रक्तदाबाचा आकडा यामुळे फारसा हलत नाही, पण 'घाम थांबला का' यासारख्या निरीक्षणात मनाचा कल डोकावू शकतो. या त्रुटी शोधनिबंधाला कमीपणा आणत नाहीत. किती विश्वास ठेवायचा याचं माप त्यांच्यावरून ठरतं, एवढंच.

आता ट्युनिशियाला जाऊ. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिथली एक चाचणी आली. 825 पेशंट, म्हणजे महाडच्या दहापटीहून अधिक. निम्म्यांना प्रतिविष, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण औषध नसलेलं काहीतरी. निष्कर्ष: प्रतिविषाचा काही उपयोग नाही. आणि 2009 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाची एक चाचणी आली. तिच्यात फक्त 15 मुलं, सगळी अतिदक्षता विभागात. प्रतिविष मिळालेली आठच्या आठ मुलं चार तासांत लक्षणमुक्त झाली. प्लासिबो मिळालेल्या सातांपैकी एकच.

मग खरं कोण? मोठी चाचणी म्हणजे मोठं सत्य, असं म्हणून 825 च्या बाजूने मत टाकून मोकळं होता येईल. पण ट्युनिशियात विंचू चावून आलेला 10 वर्षांवरचा पेशंट घेतला जात होता, मग दंश हलका असो की गंभीर. त्यातले बहुतेक पहिल्या पायरीचे. ते तसेही बरे होणारच होते, प्रतिविषाने काय किंवा मंत्राने काय. ॲरिझोनात घेतलेली सगळी मुलं गंभीर. शिवाय तिथला विंचू वेगळा. त्याचं विष हृदयापेक्षा नसा आणि स्नायूंवर घाव घालतं, डोळे भिरभिरतात, हातपाय झटके देतात. प्रतिविषंही वेगळी. ट्युनिशियाची चाचणी विचारत होती, 'विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट प्रतिविष द्यावं का?' आणि तिचं 'नाही' हे उत्तर बरोबर आहे. महाडची चाचणी विचारत होती, 'लाल विंचवाच्या विषाचं वादळ सुरू झालेल्या पेशंटला द्यावं का?' तिचं 'हो' हेही आपल्या जागी बरोबर. तीन चाचण्या तीन वेगळ्या प्रश्नांवर आहेत. त्यांच्यात भांडण लावायचं कारण नाही. आज एक अभ्यास म्हणतो कॉफी चांगली, उद्या दुसरा म्हणतो वाईट, अशा बातम्या वाचताना आधी हेच पाहावं: कोणाला घेतलं होतं, कोणाशी तुलना केली आणि काय मोजलं.

प्रतिविषाला एक मर्यादा आहे आणि ती समजली की बाकीचं बरंच समजतं. रक्तात मोकळं फिरणारं विष ते पकडतं. पण विषाने आधीच सोडायला लावलेलं ॲड्रिनलिन ते परत घेऊ शकत नाही. म्हणून पेशंट लवकर आला तर प्रतिविषाचा उपयोग जास्त, आणि उशिरा आला तर भिस्त प्राझोसिनवर. ओट्यावर पाला चोळण्यात गेलेले दोन-तीन तास महाग पडतात ते याचमुळे. पाला स्वतः काही वाईट करत नाही. तो वेळ खातो.

तर विंचू चावला आणि उलटी, घाम, लाळ किंवा गार हातपाय यांपैकी काहीही दिसलं की वाट न पाहता जवळचं आरोग्य केंद्र गाठावं. मुलगा असेल तर लिंगाच्या ताठरतेकडेही लक्ष द्यावं; लाजेपायी हे लक्षण सहसा कोणी आपणहून सांगत नाही. दंशाच्या जागी चिरा देऊ नयेत, आवळून बांधू नये. प्राझोसिन घरी आणून ठेवून आपल्या मनाने देण्याची गोळी नाही: उलट्या आणि घामाने अंगातलं पाणी आधीच गेलेलं असतं, आणि पहिल्याच मात्रेनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. दवाखान्यात गोळी दिल्यावर पेशंटला आडवंच ठेवतात. आई-बापांना तर मुद्दाम बजावून सांगावं लागतं, कारण रडणाऱ्या लेकराला उचलून खांद्यावर घेणं हीच त्यांची पहिली प्रतिक्रिया असते, आणि तेवढ्या तासांत नेमकं तेच करायचं नसतं.